टोकियो फिरायला येताय? पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न आणि आमची उत्तरं

आम्ही टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कसाईत राहतो. साकुराच्या, म्हणजे चेरी फुलण्याच्या, दिवसांत आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी कुणी ना कुणी मुक्कामाला असतंच, आणि त्याच्या महिनाभर आधीपासून फोनवर तेच प्रश्न सुरू होतात. सासूबाईंनी विचारलेले, भाच्यानं विचारलेले, बाबांच्या मित्रांनी विचारलेले असे सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

टोकियो बघायला किती दिवस हवेत?

निदान पाच पूर्ण दिवस. येण्याचा आणि परतीचा दिवस त्यात धरू नका.

दिवसांपेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. टोकियोला एक शहर समजून आलात की दमछाक होते. मध्यवर्ती भागातच २३ वॉर्ड आहेत आणि आजूबाजूची उपनगरं धरली तर साडेतीन कोटींहून जास्त माणसं इथे राहतात. या पसाऱ्याला आकार दिलाय तो रेल्वे स्टेशनांनी. प्रत्येक मोठ्या स्टेशनाभोवती एक वेगळं गाव आहे: त्याचा बाजार वेगळा, देऊळ वेगळं, संध्याकाळची गर्दी वेगळी. मुंबईकराला हे पटकन कळतं, कारण दादर आणि कुलाबा एकाच शहरात असूनही किती निराळे, हे त्याला सांगावं लागत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही माझ्या आत्याला एका दिवसात असाकुसा, उएनो, शिबुया, हाराजुकू आणि रात्री शिंजुकू असं सगळं फिरवलं. रात्री घरी आल्यावर तिला आठवत होते ते जिने आणि प्लॅटफॉर्म. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: एका दिवशी एक स्टेशन, फार तर शेजारशेजारची दोन. सकाळी तिथे उतरायचं, दिवसभर पायी भटकायचं, जेवायचं तिथेच, अंधार पडला की परत.

मग ती पाच स्टेशनं कोणती?

आमची निवड सांगते.

पहिला दिवस असाकुसाचा, आणि तोही भल्या सकाळी. सेन्सोजी मंदिराच्या दारातला कामिनारिमोनचा मोठा लाल कंदील सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. जवळपास चार मीटर उंच आणि ७०० किलो वजनाचा. दंतकथा अशी की इ. स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची, मूर्ती आली. मुख्य मंदिर १९४५च्या मार्चमधल्या हवाई हल्ल्यात जळलं आणि १९५८मध्ये पुन्हा उभं राहिलं. दहा वाजले की समोरच्या नाकामिसे गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. सातच्या सुमारास गेलात तर म्हाताऱ्या बायका हात जोडून उभ्या दिसतील, उदबत्तीचा धूर अंगावर घेताना दिसतील, आणि देऊळ देवळासारखं वाटेल. दुपारी काप्पाबाशीला चालत जा. हा भांड्यांचा बाजार आहे. चाकू, वाडगे, मेणाचे वाटावेत असे खाद्यपदार्थांचे नमुने. बोहारणीशी घासाघीस करत वाढलेल्या कुठल्याही बाईचे इथे तीन तास जातात.

दुसरा दिवस उएनो आणि यानाका. उएनोच्या बागेत टोकियो राष्ट्रीय संग्रहालय आहे. एक लक्षात ठेवा, ते बहुधा सोमवारी बंद असतं. तिथून उत्तरेला पंधरा-वीस मिनिटं चाललं की यानाका. १९२३चा भूकंप आणि १९४५चे बॉम्बहल्ले यांत टोकियो दोनदा बेचिराख झालं, पण यानाकाचा बराच भाग वाचला. लाकडी घरं, लहान लहान देवळं, दारापुढे कुंड्या, गल्लीत झोपलेली मांजरं. मला विचाराल तर पाहुण्याला जुनं टोकियो दाखवायचं असेल तर ते इथेच. संध्याकाळी निप्पोरी स्टेशनाच्या बाजूनं यानाका गिंझाच्या पायऱ्यांवर बसा. सूर्य समोर मावळतो.

तिसरा दिवस ओतेमाची ते जिंबोचो. राजवाड्याची पूर्वेकडची बाग फुकट आहे, पण सोमवारी आणि शुक्रवारी बंद. आत एदो किल्ल्याच्या मुख्य बुरुजाचा नुसता दगडी चौथरा आहे. बुरुज १६५७च्या आगीत जळला आणि परत बांधलाच नाही. तिथून जिंबोचो जवळ. जुन्या पुस्तकांची शंभराहून जास्त दुकानं एकाच पेठेत. पुण्याचा अप्पा बळवंत चौक आवडणाऱ्यानं, जपानी वाचता येत नसलं तरी, इथे यावं. जुने नकाशे आणि लाकडी ठशांची चित्रं बघायला भाषा लागत नाही.

चौथा दिवस हाराजुकू आणि शिबुया. मेइजी जिंगू या शिंतो (जपानच्या मूळ धर्माच्या) देवस्थानाभोवतीचं जंगल माणसांनी लावलेलं आहे. १९२०च्या सुमारास जपानभरातून लोकांनी सुमारे एक लाख झाडं पाठवली, ती इथे लावली. आज तिथे उभं राहिलं की दोनशे पावलांवर शहर आहे हे खरं वाटत नाही. तिथून शिबुयाला चालत यायचं, मालकाची वाट बघत राहिलेल्या हाचिको कुत्र्याचा पुतळा बघायचा, आणि त्या प्रसिद्ध चौकात गाड्यांसाठीचे सगळे सिग्नल एकदम लाल झाले की हजार माणसांबरोबर रस्ता ओलांडायचा.

पाचवा दिवस मोकळा ठेवा. ज्या स्टेशनावर मन रमलं, तिथे पुन्हा जा.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा. हवा कोरडी, ऊन कोवळं, गिंको झाडं पिवळीधमक. साकुरासाठी मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा, पण तेव्हा हॉटेलं महाग आणि गर्दी अफाट असते. फुलं नेमकी कधी उमलतील ते दरवर्षी हवेवर ठरतं, म्हणून तिकिटं काढून मग फुलांना दोष देऊ नका. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस. ऑगस्टमधला उकाडा मुंबईला मागे टाकतो. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातली गोल्डन वीकची सुट्टी आणि नववर्षाचे पहिले तीन दिवस टाळा. एकात सगळा देश फिरायला निघतो, दुसऱ्यात बरीच दुकानं बंद.

व्हिसा आणि कागदपत्रांचं काय?

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतोच. पर्यटनासाठी आता ई-व्हिसा मिळतो. त्यात एक खाचखळगा आहे: विमानतळावर तो इंटरनेट चालू असताना फोनवर उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा कागदी प्रत चालत नाही. तेव्हा उतरल्याबरोबर इंटरनेट चालेल अशी सोय करूनच निघा. 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी संकेतस्थळावर इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती आधी भरून ठेवली की क्यूआर कोड मिळतो. आई-बाबा एकटे येत असतील तर त्यांच्या फोनवर हे सगळं तुम्हीच भरून द्या.

घरून काय आणू नये?

हापूसची पेटी. जपाननं २००६मध्ये भारतीय आंब्यावरची बंदी उठवली खरी, पण ती वाफेची प्रक्रिया करून, तपासणी होऊन येणाऱ्या मालासाठी. बॅगेतून ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणलात तर काढून घेतात. मांसाचे पदार्थही चालत नाहीत, मग ते डबाबंद असले तरी.

औषधांबाबत जास्त काळजी घ्या. सर्दीच्या काही गोळ्यांत आणि नाकात ओढायच्या काही नळ्यांत जे घटक असतात, त्यांना जपानमध्ये कायद्यानं बंदी आहे. स्युडोएफेड्रिन आणि कोडीन ही नावं वेष्टनावर दिसली तर आधी चौकशी करा. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधं एका महिन्यापुरती आणता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगीपत्र काढावं लागतं. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन ठेवा.

आणि मिक्सर आणू नका. इथे वीज १०० व्होल्टची आहे, आपला मिक्सर चालत नाही. फोनचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अॅडॉप्टर लागतो.

नारिता विमानतळ बरा की हानेदा?

पर्याय असेल तर हानेदा. तो शहरातच आहे. मोनोरेल किंवा केइक्यू लाइन पकडली की अर्ध्या तासात तुम्ही मध्यवस्तीत. नारिता सुमारे साठ किलोमीटर लांब, शेजारच्या चिबा प्रांतात आहे, पण गाड्या उत्तम आहेत. स्कायलायनर पाऊण तासाच्या आत उएनोला आणून सोडते. टॅक्सी मात्र दोन्हीकडून महाग, नारिताहून तर विचारच करू नका.

राहायला कुठे जागा बघावी?

पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही उएनो किंवा असाकुसा सुचवतो. दोन्हीकडून विमानतळ सोपा आणि आसपास पायी हिंडण्यासारखं खूप आहे. शिंजुकूला राहणं तरुणांना आवडतं, वयस्कर माणसांचा मात्र स्टेशनातून बाहेर पडतानाच जीव जातो. खोल्या लहान असतात. दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवल्या की चालायला जागा राहत नाही, तेव्हा सामान बेतानं आणा. इथे 'ताक्क्युबिन' नावाची सामान पोचवण्याची सेवा आहे. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, बहुधा दुसऱ्या दिवशी ती पुढच्या हॉटेलात हजर असते. क्योतोला जाणार असाल तर जरूर वापरा.

ट्रेनचं जाळं बघूनच छाती दडपते. जमेल का?

जमेल. लोकलनं वाढलेल्या माणसाला तर दोन दिवसांत जमतं.

माझ्या बाबांनी तीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी प्रवास केला. ते आले तेव्हा मी त्यांना ओचानोमिझु स्टेशनावर उभं केलं. तिथे एकाच प्लॅटफॉर्मच्या एका बाजूला केशरी पट्ट्याची चुओ लाइनची गाडी येते, दुसऱ्या बाजूला पिवळ्या पट्ट्याची. बाबांनी एक मिनिट पाहिलं आणि म्हणाले, "अगं, केशरी फास्ट आणि पिवळी स्लो." एवढं कळलं की अर्धं टोकियो कळलं.

राहिलेलं अर्धं असं. शहरात तीन मोठ्या यंत्रणा आहेत: जेआर (जपान रेल्वे), टोकियो मेट्रोच्या ९ भुयारी लाइनी आणि महानगर सरकारच्या तोएइच्या ४. तिकिटं वेगळी, फाटक वेगळं. म्हणून सुइका किंवा पास्मो कार्ड घ्या, त्यात पैसे भरा आणि सगळीकडे तेच टेकवा. बस, दुकानं, शीतपेयांची यंत्रं यांवरही ते चालतं. पाहुण्यांसाठी विमानतळावर वेलकम सुइका मिळतं. त्याला अनामत लागत नाही, २८ दिवस चालतं, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत. भुयारी रेल्वेनं दिवसभर हिंडणार असाल तर २४, ४८ किंवा ७२ तासांचा पर्यटक पास स्वस्त पडतो. तो मेट्रो आणि तोएइच्या तेराही लाइनींवर चालतो, जेआरवर नाही. सहा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट, सहा ते अकरा अर्धं तिकीट.

यामानोते ही फिकट हिरव्या रंगाची वर्तुळाकार लाइन मनात पक्की करा. ३० स्टेशनं, साडेचौतीस किलोमीटर, पूर्ण फेरीला साधारण एक तास. चुकून उलट्या दिशेच्या गाडीत बसलात तरी घाबरायचं कारण नाही, उशिरा का होईना, तुमचं स्टेशन येतंच.

नावं लक्षात राहत नसतील तर अक्षर आणि आकडा लक्षात ठेवा. प्रत्येक भुयारी स्टेशनाला तो असतो. आमचं निशी-कसाई तोझाइ लाइनवर टी-१६, असाकुसा गिंझा लाइनवर जी-१९, शिबुया जी-०१. ही गिंझा लाइन १९२७ची, आशियातली पहिली भुयारी रेल्वे. सासूबाईंना जपानी नावं जमत नव्हती, पण आकडे पाठ झाले आणि तिसऱ्या दिवशी त्या एकट्या उएनोला जाऊन आल्या.

बाहेर पडण्याचं दार आधी बघून ठेवा. शिंजुकू जगातलं सर्वांत वर्दळीचं स्टेशन आहे, रोज तीस लाखांच्या आसपास लोक ये-जा करतात आणि बाहेर पडायला दोनशेच्या वर वाटा आहेत. चुकीच्या वाटेनं बाहेर पडलात तर वीस मिनिटांची तंगडतोड. फोनवरचा नकाशा दाराचा क्रमांकही सांगतो, तो वाचायची सवय लावून घ्या.

सकाळी साडेसात ते नऊ गाडीत शिरू नका. गर्दी विरार लोकलच्या तोडीची, फरक एवढाच की आवाज नाही. त्या वेळी अनेक लाइनींवर बायकांचा वेगळा डबा असतो, प्लॅटफॉर्मवर गुलाबी खुणा दिसतात. गाडीत फोनवर बोलायचं नाही, फोन गप्प ठेवायचा. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं. शेवटची गाडी साधारण मध्यरात्रीच्या आसपास सुटते आणि पहिली पहाटे पाचला. शेवटची गाडी चुकली तर टॅक्सीचं बिल एका दिवसाच्या हॉटेलइतकं होऊ शकतं.

जेआर पास (देशभरातल्या जेआर गाड्यांचा पर्यटक पास) घ्यावा का?

नुसतं टोकियो बघणार असाल तर नको. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. क्योतोला जाऊन परत येण्यातही तो वसूल होत नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

नाही, पण तयारी करून या. अडचण मांसाची कमी आणि 'दाशी'ची जास्त. वाळवलेल्या माशापासून काढलेलं हे पाणी जपानी स्वयंपाकाचा पाया आहे. मिसो सूपमध्ये ते असतं, सोबा शेवयांच्या सारात असतं, भाजी शिजवताना असतं. समोरचा माणूस मनापासून "यात मांस नाही" सांगतो, कारण त्याच्या दृष्टीनं दाशी म्हणजे मासा नव्हे, चव आहे. त्यामुळे "शाकाहारी आहे का?" असा प्रश्न विचारू नका. काय काय चालत नाही त्याची यादी जपानीत छापून खिशात ठेवा: मांस, मासे, माशाचं दाशी, आणि लागू असेल तर अंडं. ती चिठ्ठी दाखवली की लोक आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतात, खोटं सांगत नाहीत. जमत नसेल तर दहा वेळा माफी मागतात.

मनापासून चाखावं असं जेवण म्हणजे 'शोजिन र्योरी', बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण. त्यात कांदा-लसूणही नसतो. शहराच्या पश्चिमेला ताकाओ डोंगरावरच्या याकुओ-इन मंदिरात ते मिळतं, आधी सांगून ठेवावं लागतं. तोफूचे पाच प्रकार, तिळाचं 'गोमादोफू', डोंगरातल्या रानभाज्या. जैन पाहुण्यांना कंदमुळांबद्दल मात्र आधी विचारून घ्यावं लागेल.

येता-जाता खायला थंडीत भाजलेलं रताळं, दाइफुकु (तांदळाच्या पिठाच्या मऊ पारीत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड सारण, पुरण आवडणाऱ्यांना हमखास आवडतं), फळं, दही. रस्त्यावरच्या दुकानातल्या त्रिकोणी भाताच्या मुटक्यांत 'उमे', म्हणजे आंबट खारवलेल्या फळाचा, प्रकार बघा, पण कडक पाळत असाल तर घटक वाचून. तयार जपानी करीच्या मसाल्यात बहुतेकदा प्राण्यांची चरबी असते.

आणि पोहे, उपमा यांची तयार पाकिटं बरोबर आणा. हॉटेलच्या खोलीत किटली असते, शिवाय कोपऱ्यावरच्या दुकानात गरम पाणी फुकट मिळतं. ज्या दिवशी काही जमलं नाही, त्या दिवशी आमच्या निशी-कसाईला या. इथे भारतीय किराणा आहे, डोसा मिळतो, थाळी मिळते. २०००च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेले भारतीय अभियंते इथे स्थिरावले, कारण तोझाइ लाइन थेट ओतेमाचीच्या कचेऱ्यांपर्यंत जाते. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९मध्ये याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले.

आपल्याशी नातं सांगणारं टोकियोत काही आहे का?

हा प्रश्न कुणी विचारला की मला फार बरं वाटतं, कारण उत्तर मोठं आहे.

आधी गणपती. सेन्सोजीपासून दहा-पंधरा मिनिटांवर, सुमिदा नदीकाठच्या छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचं मंदिर आहे. तिथला देव कांगितेन. भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर इथे पोचलेला गणेश. मूर्ती गुप्त ठेवलेली असते, दर्शन होत नाही. पण देवळात जिकडेतिकडे दोन खुणा दिसतात: एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि पैशांची थैली. मोदकाऐवजी इथे मुळा वाहतात. मंदिरातच पांढरा जाडजूड मुळा विकत मिळतो, तो अर्पण करायचा. देवापुढचे मुळे नंतर भाविकांना घरी न्यायला ठेवलेले असतात. सासूबाईंनी तो मुळा घरी आणला, किसून कोशिंबीर केली आणि सगळ्यांना वाटीत वाढताना म्हणाल्या, "प्रसाद आहे, टाकायचा नाही." ७ जानेवारीला तिथे मुळ्याचा उत्सव असतो.

उएनोच्या शिनोबाझु तळ्यात बेटावर बेंतेनचं देऊळ आहे. बेंतेन म्हणजे सरस्वती. वीणेच्या जागी तिच्या हाती 'बिवा' हे जपानी तंतुवाद्य. उन्हाळ्यात तळ्याचा एक मोठा भाग कमळांनी झाकलेला असतो. शिबामाताला ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, कागुराझाकाला बिशामोनतेन म्हणजे कुबेर. शिबामाताच्या मंदिरातलं लाकडी कोरीवकाम डोळ्यांचं पारणं फेडतं.

त्सुकिजीला गेलात तर तिथल्या खाद्यपदार्थांच्या बाजाराबरोबर त्सुकिजी होंगानजी हे बौद्ध मंदिर पाहा. १९३४मध्ये उभी राहिलेली ही इमारत इतो चुता या वास्तुतज्ज्ञानं रचली. तरुणपणी तो भारत हिंडून आला होता. समोर उभं राहून वर बघा. कार्ल्याच्या लेण्यात, अजिंठ्यात पाहिलेली चैत्याची कमान टोकियोच्या मधोमध दगडात उभी आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रस्त्यातच थांबले होते.

उएनोच्या प्राणिसंग्रहालयाची गोष्ट मुलांना सांगा. युद्धात, १९४३मध्ये, तिथले हत्ती उपाशी ठेवून मारले गेले. युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी हत्ती हवा म्हणून पत्रं लिहिली आणि पंडित नेहरूंनी १९४९मध्ये एक हत्तीण पाठवली. तिचं नाव त्यांनी आपल्या मुलीवरून इंदिरा ठेवलं होतं. ती १९८३पर्यंत जगली.

शिंजुकूच्या नाकामुराया उपाहारगृहात १९२७पासून भारतीय करी मिळते. ती शिकवली रासबिहारी बोस यांनी. १९१५मध्ये इंग्रजांपासून लपत जपानला आलेल्या या क्रांतिकारकाला नाकामुरायाच्या सोमा दांपत्यानं आसरा दिला, आणि पुढे सोमांची मुलगी तोशिको हिच्याशी बोस यांचं लग्न झालं. करी कोंबडीची आहे, शाकाहारींनी बाहेरूनच नमस्कार करावा. सुगिनामी वॉर्डातल्या रेनकोजी या लहानशा देवळात नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी १९४५पासून जपून ठेवल्या आहेत. अंगणात त्यांचा अर्धपुतळा आहे. मारुनोउची लाइनवरच्या हिगाशी-कोएनजीला उतरायचं. वस्ती शांत आहे, तेव्हा मोठ्या घोळक्यानं जाऊ नका.

शहर वरून कुठून बघावं? फुजी दिसेल का?

स्कायट्री ६३४ मीटर, टोकियो टॉवर ३३३ मीटर, दोन्हींना तिकीट आहे. आम्ही पाहुण्यांना शिंजुकूच्या महानगर सरकारच्या इमारतीत नेतो. पंचेचाळिसावा मजला, २०२ मीटर उंची, पैसे नाहीत. डिसेंबर-जानेवारीच्या स्वच्छ सकाळी पश्चिमेला फुजी दिसतो. उन्हाळ्यात आशा धरू नका.

वयस्कर आई-बाबांना झेपेल का?

झेपेल, पण रोज दहा-बारा हजार पावलं होतात, तेव्हा नवीन बूट घालून येऊ नका. बहुतेक सगळ्या स्टेशनांत लिफ्ट आहे, मात्र ती एका ठरावीक दारापाशीच असते. निघण्याआधी ते दार शोधा. शौचालयांची चिंता करू नका. स्टेशनात, बागेत, दुकानात, सगळीकडे ती स्वच्छ आणि फुकट आहेत, आणि बहुतेक ठिकाणी बटण दाबून पाण्याची सोय आहे. आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी परत जाऊन पहिली ह्याच गोष्टीची तारीफ करतात.

रोख पैसे लागतात का? टीप द्यायची का?

कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, पण लहान उपाहारगृहं आणि देवळांसाठी रोख हवी. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर परदेशी कार्ड चालतात. टीप देऊ नका, पैसे विसरलात समजून माणूस मागे धावत येतो. भोक असलेलं पाच येनचं नाणं जपून ठेवा. 'गो-एन' म्हणजे पाच येन, आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध. देवापुढे तेच टाकतात.

रस्त्यावर कचऱ्याचे डबे का नाहीत?

१९९५मध्ये भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांतले बरेचसे डबे काढून टाकले. पिशवी बरोबर ठेवा आणि कचरा हॉटेलवर घेऊन या. लहान मुलांनाही हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

भूकंप झाला तर?

हलके धक्के नेहमीचेच आहेत. मोठा असेल तर काही सेकंद आधी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळतात. पळत बाहेर जायचं नाही, काचा वरून पडतात. टेबलाखाली डोकं वाचवून बसायचं, हादरे थांबले की आजूबाजूचे लोक करतील तसं करायचं. लिफ्ट वापरायची नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९, पोलीस ११०. समुद्राकाठी, म्हणजे कामाकुराला वगैरे असाल, तर जोराच्या धक्क्यानंतर क्षणभरही न थांबता उंचावर जा.

काही हरवलं तर?

आधी जिथे हरवलं त्या स्टेशनाच्या कार्यालयात सांगा, मग जवळच्या 'कोबान'मध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत. टोकियो पोलिसांकडे वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास सापडलेल्या वस्तू जमा होतात आणि त्यांचं मोठं केंद्र इइदाबाशीला आहे. गेल्या वर्षी बाबांचं पाकीट गाडीत राहिलं. चौकीतल्या पोलिसानं पाकिटाचा रंग, आत किती नोटा, कुणाचा फोटो, सगळं शांतपणे लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी ते मिळालं. नोटा होत्या तेवढ्याच होत्या, आणि आईचा फोटो वेगळ्या पाकिटात घालून, वर चिठ्ठी लावून ठेवला होता.